खरडून गेलेल्या मातीची किंमत: हेक्टरी ४७ हजार नेमके कशाचे?



केदारेश्वराच्या चालुक्यकालीन दगडी मंदिरामुळे परळी-अंबाजोगाई भागात धर्मापुरी हे गाव सगळ्यांना माहीत आहे. २०२५ च्या अतिवृष्टीनंतर या शिवारात उताराच्या एका रानात उभा होतो. वरच्या बाजूला पांढरट मुरूम उघडा पडला होता, तर खालच्या बांधाला गाळाचा ढीग साचला होता. रानाचे मालक म्हणाले, "साहेब, किती गुंठे खरडलं ते लिहून घेतलं. पण किती खोल खरडलं, ते कुणीच इचारलं नाही."

हा लेख त्यांच्या या प्रश्नावर आहे. निसर्ग आपल्याला फुकट देतो त्या सेवांची पैशात किंमत कशी करायची, यावर जगभर गेली तीस वर्षे चर्चा चालू आहे. आपल्याकडे मात्र ही किंमत सरकारी कागदावर आधीच लिहिली गेली आहे. ती बरोबर आहे का, तिच्यात काय धरले आणि काय सुटले, आणि पुढच्या खरिपाआधी आपण आपल्या वहीत काय लिहून ठेवावे, हे क्रमाने पाहू.

कागदावरची किंमत

ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. बीड जिल्ह्यात उभी पिके गेली, आणि पिकांच्या बरोबरीने जमिनीही गेल्या. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि मनरेगातून कामाच्या रूपाने हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंत मदत, अशी तरतूद सांगितली गेली.

यातला ४७ हजारांचा आकडा त्या पॅकेजसाठी नव्याने काढलेला नाही. आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत देण्याचे केंद्राचे निकष असतात, त्यांतला तो आहे. दरड कोसळून, हिमस्खलनाने किंवा नदीने पात्र बदलल्याने जमिनीचा मोठा भाग गेला, तर अल्प व अत्यल्पभूधारकांना हेक्टरी ४७ हजार, असा तो निकष. याच निकषांत शेतात गाळ किंवा वाळू साचली असेल तर ती काढण्यासाठी हेक्टरी १८ हजार रुपये आहेत, पण साचलेला थर ३ इंचांपेक्षा जाड असला पाहिजे, अशी अट आहे.

हा फरक नीट लक्षात घ्या. माती येऊन साचली तर तिची जाडी मोजायची आहे. माती निघून गेली तर तिची जाडी मोजण्याची अट नाही, फक्त क्षेत्र मोजायचे. एकाच्या रानातून पाच सेंटिमीटर गेली आणि दुसऱ्याच्या रानातून तीस सेंटिमीटर गेली, तरी दोघांचा पंचनामा सारखाच होतो. रानमालकाचा प्रश्न नेमका हाच होता.

माती काय काय करते

आपण मातीला काळी आई म्हणतो. कोणी म्हणेल, आईची किंमत करायची का? विकण्यासाठी करायची नाहीच. पण नुकसान झाल्यावर दुसरा कोणी तिची किंमत करणारच आहे. तेव्हा आपला हिशेब आपल्याजवळ असला पाहिजे, एवढेच म्हणणे आहे.

किंमत करण्याआधी माती काय काम करते ते पाहू. बियाणे-खतासारखे तिचे बिल कधी येत नाही, म्हणून ही कामे खर्चाच्या वहीत दिसत नाहीत.

- ती पाणी धरून ठेवते आणि पावसाच्या खंडात पिकाला पुरवते.
- ती अन्नद्रव्ये साठवते आणि थोडी थोडी सोडते.
- तिच्यातले जिवाणू आणि गांडुळे पाला-पाचोळा कुजवतात, जमीन भुसभुशीत ठेवतात.
- ती पाणी खाली मुरू देते, त्यामुळे विहिरीला आणि बोअरला पाणी येते.
- ती सेंद्रिय कर्ब साठवते.

हिशेबासाठी एक हेक्टर रान आणि १५ सेंटिमीटर माती धरू. १५ सेंटिमीटर म्हणजे एका वितीपेक्षा कमी खोली. पिकाच्या बहुतेक बारीक मुळ्या याच थरात असतात. एका हेक्टरवर १ सेंटिमीटर माती म्हणजे १०० घनमीटर. ती सुमारे १३० टन भरते आणि ब्रासमध्ये ३५ ब्रास होते. १५ सेंटिमीटर म्हणजे १,५०० घनमीटर, जवळजवळ १,९५० टन, म्हणजेच ५३० ब्रास.

आता या एकाच मातीची पाच प्रकारे किंमत करू.

पहिली पद्धत: खताच्या भावाने

आपल्याकडच्या कोरडवाहू जमिनीत सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. ०.५ टक्के धरला तर १ सेंटिमीटर मातीत ६५० किलो कर्ब होतो. नत्र साधारण त्याच्या दहाव्या ते बाराव्या हिश्शाइतका असतो. म्हणजे १ सेंटिमीटर मातीबरोबर हेक्टरी ६० किलोच्या आसपास नत्र जातो. हा नत्र युरियाने भरून काढायचा तर ४५ किलोच्या तीन गोण्या लागतील. एक गोणी २६६.५० रुपयांना, म्हणजे एका सेंटिमीटरचे ८०० रुपये आणि १५ सेंटिमीटरचे १२ हजार.

एवढीच किंमत? हा आकडा फसवा आहे. पहिले कारण, युरियाचा भाव अनुदानाचा आहे, त्याची खरी किंमत आपण गोणीवर देत नाही. दुसरे, यात स्फुरद, पालाश, जस्त, गंधक धरलेले नाहीत. तिसरे आणि महत्त्वाचे, मुरमावर युरिया टाकल्याने माती तयार होत नाही. खताचा भाव फक्त एका कामाचा भाव आहे. मातीची इतर सगळी कामे त्यात शून्य धरली गेली.

दुसरी पद्धत: गाळाच्या भावाने

गेलेली माती परत आणायची तर आपल्या भागात एकच मार्ग आहे: तलावातला गाळ. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ मध्ये आली आणि २०२३ मध्ये नव्याने सुरू झाली. नव्या योजनेत अल्प व अत्यल्पभूधारकांना गाळ वाहून नेऊन पसरण्यासाठी घनमीटरला ३५.७५ रुपये अनुदान ठेवले, तेही ठरलेल्या मर्यादेपर्यंत. १,५०० घनमीटरला हा दर लावला तर ५३,६२५ रुपये होतात. ४७ हजारांच्या जवळचाच आकडा. पण हे अनुदान आहे, पूर्ण खर्च नव्हे, आणि मर्यादेमुळे एवढ्या गाळाला ते मिळणारही नाही.

खर्च ट्रॉलीने काढा. एका ट्रॉलीत एक ब्रास गाळ धरला तर ५३० ट्रॉल्या. तलाव किती लांब, डिझेल किती, यावर दर बदलतो. तुमच्या गावचा दर घाला. उदाहरणादाखल ५०० रुपये ट्रॉली धरली तर २ लाख ६५ हजार रुपये होतात. पसरणी आणि बांधबंदिस्ती वेगळी.

या पद्धतीला अर्थशास्त्रात बदली खर्चाची पद्धत म्हणतात. निसर्गाने फुकट दिलेली वस्तू आपल्याला पुन्हा आणावी लागली तर काय पडेल, ते पाहायचे.

तिसरी पद्धत: पाण्याच्या भावाने

काळी जमीन प्रत्येक सेंटिमीटर खोलीला पिकाला घेता येईल असे निदान दीड मिलिमीटर पाणी धरते. १५ सेंटिमीटरला ते साडेबावीस मिलिमीटर होते. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १० हजार लिटर. म्हणजे ही माती एका वेळी सव्वादोन लाख लिटर पाणी साठवत होती, १० हजार लिटरचे बावीस-तेवीस टँकर. शेंगा भरताना सोयाबीनला रोज ४ ते ५ मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे या थराने पिकाला पाच दिवसांचा श्वास दिला होता. शिवाय ही टाकी एकदाच भरत नाही. प्रत्येक चांगल्या पावसाने ती पुन्हा भरते.

या पाण्याचा भाव काय? आपल्या शेजारचे उदाहरण घ्या. लातूरला पाणी देणारे मांजरा धरण धनेगावला, आपल्याच बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात आहे. २०१६ मध्ये ते कोरडे पडले आणि एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. सहा कोटी लिटरहून अधिक पाण्याच्या वाहतुकीचे रेल्वेने सुमारे चार कोटींचे बिल काढले होते. म्हणजे लिटरला साठ-पासष्ट पैसे, फक्त वाहतुकीचे. त्या भावाने आपल्या सव्वादोन लाख लिटरचे जवळजवळ दीड लाख रुपये होतात.

पण इथे सावध राहा. रेल्वेच्या पाण्यावर कोणी सोयाबीन घेणार नाही. जो खर्च आपण प्रत्यक्षात कधीच करणार नाही, तो लावून किंमत फुगवली तर हिशेब खोटा ठरतो, आणि समोरचा अधिकारी तो एका वाक्यात खोडून काढतो. पाण्याचा हा भाव पिण्याच्या पाण्याला लागू आहे. शेतातल्या पाण्याची किंमत पिकावरून काढावी लागते.

परळीचे औष्णिक वीज केंद्र हे याचे दुसरे उदाहरण. दुष्काळात पाणी नाही म्हणून फेब्रुवारी २०१३ मध्ये ते बंद ठेवावे लागले होते. कोळसा आणता येतो, यंत्रे दुरुस्त करता येतात, पण पाणी नसेल तर सगळे ठप्प. पाणी असताना त्याला भाव नसतो, संपले की सगळ्या गोष्टींचा भाव त्याच्यावर अवलंबून असतो. मातीचेही तसेच आहे.

चौथी पद्धत: उताऱ्यातल्या फरकाने

शेतकऱ्यासाठी ही पद्धत सर्वांत भरवशाची आहे, कारण तिच्यात अंदाज कमी आणि काटा जास्त. एकाच रानात वरची हलकी पट्टी आणि खालची खोल पट्टी असते. एकच वाण, एकच पेरणी, एकच खत. फरक फक्त मातीच्या खोलीचा. दोन्ही पट्ट्यांची रास वेगवेगळी मोजा.

समजा, फरक एकरी २ क्विंटल निघाला. हेक्टरी तो ५ क्विंटल झाला. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये आहे. म्हणजे वर्षाला हेक्टरी २६,६४० रुपये. बाजारात भाव हमीभावाखाली राहिला तर हा आकडा कमी होईल, पण एक गोष्ट विसरू नका: मशागत, बियाणे, खत, फवारणी हा खर्च दोन्ही पट्ट्यांवर जवळपास सारखाच होतो. त्यामुळे हा फरक सरळ नफ्यातून जातो. अनेकदा नफा असतोच तेवढा.

आता ४७ हजारांकडे परत या. वर्षाला २६ हजारांचे नुकसान असेल तर ती मदत दोन वर्षेही पुरत नाही. दहा वर्षांचे नुकसान २ लाख ६६ हजार होते. ट्रॉलीच्या हिशेबातही आपल्याला जवळजवळ एवढाच आकडा मिळाला होता. दोन्ही हिशेबांत माझे धरलेले दर आहेत, तुमचे वेगळे येतील. पण दोन वेगवेगळ्या वाटांनी जाऊन आकडा एकाच जागी येत असेल, तर तो हवेतला नाही असे समजायला हरकत नाही.

या हिशेबातून दिसते ते असे: रोख ४७ हजार ही तातडीची मदत आहे, मातीची किंमत नव्हे. मातीच्या किमतीच्या जवळ जाणारा भाग मनरेगातला ३ लाखांपर्यंतचा आहे. पण तो कामाच्या रूपाने आहे. काम मंजूर झाले, सुरू झाले, पूर्ण झाले, तरच तो शेतात पोचतो. म्हणून रोख रक्कम खात्यात आली एवढ्यावर समाधान मानू नका. आपल्या गटाचे काम यादीत आहे का, मोजमाप झाले का, याची चौकशी ग्रामपंचायतीत आणि तालुक्याला करा.

पाचवी पद्धत: कार्बनच्या भावाने

गेल्या काही वर्षांत गावोगाव आणखी एक किंमत ऐकू येते, कार्बन क्रेडिटची. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीतील ऐच्छिक कार्बन बाजारासाठी आराखडा जाहीर केला. "तुमच्या जमिनीतल्या कार्बनचे पैसे देतो" असे सांगणारे प्रतिनिधी आता शेतकऱ्यांकडे येतात. यात काही खोटे आहे असे नाही, पण आकडा समजून घ्या.

एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. वरच्या १५ सेंटिमीटर मातीत सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढवला तर हेक्टरी १.९५ टन कर्ब वाढतो. त्याला ३.६७ ने गुणले की सुमारे ७ टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ७ क्रेडिट. आपल्या उष्ण हवामानात एवढी वाढ व्हायला चांगले काम करूनही काही वर्षे लागतात. एका क्रेडिटला ८०० रुपये धरले आणि पाच वर्षे धरली, तर एकरी वर्षाला साडेचारशे रुपयांच्या आसपास पडतात. त्यातून कंपनीचा वाटा आणि तपासणीचा खर्च जायचा.

आता दुसरी बाजू. १ सेंटिमीटर मातीत ६५० किलो कर्ब असतो, हे आपण वर पाहिले. म्हणजे तीन सेंटिमीटर माती वाहून गेली की १.९५ टन कर्ब गेला. पाच वर्षे राबून मिळवलेला ०.१ टक्का एका ढगफुटीत संपला. म्हणून कार्बनची गोष्ट करायची असेल तर ती बांधबंदिस्तीपासून सुरू होते.

करारावर सही करण्याआधी एवढे विचारा: करार किती वर्षांचा? मशागत, पीक, काड यांवर कोणती बंधने? क्रेडिट कोणाच्या नावे? पैसे कधी आणि कोणत्या मोजणीवर? अतिवृष्टीने माती गेली तर जबाबदारी कोणाची? जमीन विकली किंवा वाटणी झाली तर काय? आणि करार मराठीत आहे का? उत्तरे तोंडी नको, कागदावर घ्या.

सेंद्रिय कर्बाचा खरा मोबदला क्रेडिटमध्ये नसून आपल्याच रानात आहे. कर्ब वाढला की पाणी जास्त धरले जाते, जमीन चिकटत नाही, खत वाया जात नाही. क्रेडिटचे पैसे मिळाले तर ते वरचे समजा.

किंमत ठरल्याने काय होते आणि काय होत नाही

१९९७ मध्ये रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात पृथ्वीवरच्या निसर्गसेवांची किंमत वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर काढली. हा आकडा त्या वेळच्या साऱ्या जगाच्या एकूण उत्पन्नापेक्षा मोठा होता. त्यावर टीकाही खूप झाली. ज्याच्याशिवाय जगणेच शक्य नाही त्याची किंमत काढणार कशी, हा त्यातला मुख्य आक्षेप. पण त्या लेखामुळे एक गोष्ट झाली: निसर्गाचा भाव शून्य धरणे चूक आहे, हे अर्थशास्त्रज्ञांना मान्य करावे लागले.

आपल्या देशात जंगलाच्या बाबतीत ही किंमत कायद्यात आली. वनजमीन दुसऱ्या कामाला वळवायची तर तिचे निव्वळ वर्तमान मूल्य भरावे लागते. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचे दर हेक्टरी ४ लाख ३८ हजार ते १० लाख ४३ हजार रुपये असे मान्य केले, पुढे ते वाढले. त्यामुळे फुकटात जंगल तोडणे थांबले, पण पैसे भरून तोडण्याची वाटही तयार झाली. किंमत लावण्याचा हा धोका आहे. किंमत भरली म्हणजे वस्तू परत आली, असा समज होतो.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रात आहे. २०२० मध्ये सांगली जिल्ह्यात भोसे येथे रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात सुमारे चारशे वर्षांचा वड तुटणार होता. लोकांनी आवाज उठवला आणि रस्त्याची आखणी बदलली गेली. तिथे कोणी वडाचा भाव काढून भरपाई मागितली नव्हती. लोकांचे म्हणणे एवढेच होते की याला बदली नाही.

मातीचे या दोन्हींच्या मधले आहे. थोडी गेली तर गाळाने, शेणखताने, मेहनतीने भरून काढता येते. मुरमापर्यंत गेली तर आपल्या हयातीत परत येत नाही. एक सेंटिमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. उलट, देशातल्या जमिनीच्या धुपीचा १९८३ चा प्रसिद्ध अंदाज वर्षाला हेक्टरी सरासरी १६.३५ टनांचा आहे. त्या वेगाने दर आठ वर्षांत एक सेंटिमीटर जाते. त्याचा पंचनामा होत नाही, कारण ते डोळ्यांना दिसत नाही.

पुढच्या खरिपाआधी करायची कामे

जमीन आरोग्य पत्रिका काढली असेल तर पाहा. तिच्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये मिळून १२ बाबी असतात. मातीची खोली त्यात नाही. म्हणजे आज तुमच्या रानात किती माती आहे, याची नोंद तुम्ही केली नाही तर ती कुठेच नाही. गेल्यावर किती गेली हे सांगणार कसे?

१. खोलीची नोंद. उन्हाळ्यात रानात वर, मध्ये आणि खाली अशा निदान पाच जागा ठरवा. पहारीने खड्डा घेऊन मुरूम किंवा कडक थर लागेपर्यंतची खोली टेपने मोजा. जागा बांधावरच्या पक्क्या खुणेपासून पावलांनी नोंदवा. टेप दिसेल असा फोटो तारखेसह ठेवा. दर वर्षी त्याच जागा मोजा.

२. वेगळी रास. या हंगामापासून वरच्या आणि खालच्या पट्टीचे उत्पादन वेगळे मोजा. पूर्ण पट्टी जमत नसेल तर प्रत्येकी एक गुंठा मोजून घ्या. तीन हंगामांच्या नोंदी झाल्या की तुमच्या मातीची किंमत तुम्हाला कोणाला विचारावी लागणार नाही.

३. पाण्याला वाट. उताराला आडवी पेरणी करा. सोयाबीन रुंद वरंबा सरीवर घ्या. सरीतून पाणी मुरते आणि जादा पाणी हळू बाहेर जाते. पाणी बांधावरून उडी मारते ती जागा हेरून तिथे दगडी सांडवा करा. बांध फुटतो तो बहुतेक एकाच ठिकाणी, आणि ते ठिकाण तुम्हाला माहीत असते.

४. बांध झाकलेला ठेवा. बांधावरचे गवत जाळू नका, तणनाशकाने उघडे करू नका. बांध कोरून दोन तास वाढवण्याच्या नादात पूर्ण पट्टी जाते.

५. काड रानातच. सोयाबीनचा भुसा, तुरीचा पाला, कपाशीची कुटी यांतले जनावरांना लागेल ते ठेवून उरलेले मातीत जाऊ द्या. थेंबाचा मार उघड्या मातीला बसतो, झाकलेल्या मातीला नाही.

६. गाळ तपासून टाका. सगळा गाळ चांगला नसतो. चुनखडी, क्षार आणि वाळू किती आहे ते प्रयोगशाळेतून पाहून घ्या. हलक्या, मुरमाड पट्टीला गाळ द्या. आधीच चोपण असलेल्या भारी जमिनीत टाकून निचरा बिघडवू नका. गाळाबरोबर शेणखत द्या, कारण तलावाच्या तळातल्या गाळात जिवाणूंचे काम पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो.

कृषी सहायक आणि विस्तार कार्यकर्त्यांसाठी

पंचनाम्याच्या नमुन्यात खोलीचा रकाना नसला तरी शेऱ्यात लिहायला कोणी अडवत नाही. 'सरासरी इतके सेंटिमीटर माती गेली, मुरूम उघडा पडला' एवढी एक ओळ आणि टेपसह एक फोटो, हे पुढे कामाच्या अंदाजपत्रकाला उपयोगी पडते. किती ब्रास माती लागेल हे खोलीशिवाय काढताच येत नाही. शेतीशाळेत खोलीचा एक खड्डा घेऊन दाखवा. नुकसानीची आर्थिक पातळी ओलांडल्याशिवाय फवारणी करू नका, हे आपण शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे सांगतो. सापळ्यातले पतंग मोजायला शिकवले, तसे मातीची खोली मोजायलाही शिकवता येईल.

धर्मापुरीच्या त्या रानमालकांना मी ठाम उत्तर देऊ शकलो नाही, कारण त्यांच्या रानात आधी किती माती होती हे त्यांनाही नक्की सांगता येत नव्हते. आम्ही न खरडलेल्या बाजूला एक खड्डा घेतला, तिथे ३८ सेंटिमीटर निघाली. खरडलेल्या भागात १७. फरक २१ सेंटिमीटरचा. ते त्यांनी घरच्या वहीत तारीख घालून लिहिले. पंचनामा होऊन गेला होता, त्यामुळे त्या वर्षी त्याचा पैशात उपयोग झाला नाही. पण गाळाच्या किती ट्रॉल्या कुठे टाकायच्या, हे त्यांनी त्याच आकड्यावरून ठरवले.

तुमच्या रानातला पहिला खड्डा मात्र पाऊस पडायच्या आधी घ्या.